सतरा नंबरचा शिक्का

सकाळी आठला हौदावर हजर व्हायचं, बाह्या वर सारायच्या आणि एकेक लाईफ जॅकेट फुगवून पाण्यात दाबून धरायचं. बुडबुडा आला नाही तर जॅकेट पास, त्याच्या पट्ट्यावर आपल्या नंबरचा शिक्का. बुडबुडा आला तर शिक्का नाही. मग ते मागच्या दाराजवळच्या ढिगात, ठिगळ लावणाऱ्या बायकांसाठी. नौदलाच्या त्या शेडमध्ये चार बायका हेच काम करत होत्या. युद्धानं बायकांना घराबाहेर काढलं होतं. कुणी दिव्याच्या खुणांनी बोटींशी बोलत होती, कुणी ट्रक हाकत होती, कुणी नकाशावर शत्रूच्या पाणबुड्या मांडत होती. आपल्या या बाईचा नंबर होता सतरा. तिच्या हातून फुटकं जॅकेट सुटल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

ती विधवा होती. नवरा मागच्या वर्षी बोटीबरोबर गेला. त्याचं जॅकेट कुणी तपासलंच नव्हतं, हे कळल्यावर ती या कामावर आली. आता अशा बाईला लोकांनी दुवा द्यावा की नाही? पण सासूबाई नळावर सांगत सुटल्या, “पांढऱ्या पायाची आहे हो! माझा एक गिळला, आता सतरा नंबरचा शिक्का मारतेय दुसऱ्यांच्या पोरांवर!” जिभेला हाड नसतं हेच खरं.

आज धाकटा दीर बोटीवर निघाला होता. सासूबाईंनी सकाळीच बजावलं, “तो बाहेर पडेपर्यंत स्वयंपाकघरातून हलू नकोस. जाताना तुझं तोंड दिसायला नको.” ती हलली नाही. “वहिनी, येतो हं!” दीर बाहेरून ओरडला. तिनं ओ दिली नाही. आपली ओ लागली तर? वर्षभर ऐकून ऐकून तिलासुद्धा स्वतःची भीती वाटायला लागली होती.

साडेदहाच्या सुमारास एक गळकं जॅकेट टाकायला ती मागच्या दाराशी गेली. ढीग नव्हताच!

“ठिगळवाल्या येऊन गेल्या का गं?”

“छे! त्या सोमवारी येणार,” शेजारच्या हौदावरची मैत्रीण म्हणाली. तिला सगळे बडबडी म्हणत. “डोकं घरी ठेवून आलीस वाटतं!”

ती तशीच ओल्या हातांनी स्टोअरकीपरच्या खोलीत शिरली. हा माणूस पंधरा दिवसांपूर्वीच बदलून आलेला. कोपऱ्यात जॅकेटांची चळत होती, कोरी करकरीत, प्रत्येकावर सतराचा शिक्का.

“ही परत का आली?”

त्यानं मान खाजवली. “काय सांगू बाई, राग मानू नका. पोरं सतरा नंबरचं घेत नाहीत. विधवेच्या हातचं अंगात घातलं तर बुडू, म्हणतात. मी म्हटलं, कटकट नको. बाकीच्या नंबरांची संपली होती. मागं बिनशिक्क्याची वीस पडली होती, ती काल देऊन टाकली. त्यांना कुणाचाच हात लागला नव्हता ना.”

“लागला होता! माझाही लागला होता! अहो, ती गळकी आहेत… सगळी!”

स्टोअरकीपरचा चेहरा पांढराफटक पडला. “सहा पहाटेच्या बोटीला गेली. चौदा आत्ताच्या… अकराला सुटते ती.”

आत्ताची बोट म्हणजे दिराची. मागोमाग दारात आलेली बडबडी चप्पल सोडून सिग्नलच्या बुरुजाकडे पळाली, पहाटेच्या बोटीला दिव्यानं परत बोलवायला. हिनं चळतीतली चौदा जॅकेटं हातगाडीत भरली आणि धक्का गाठला.

धक्क्यावर दोरापलीकडे घरची माणसं उभी होती. सासूबाई सगळ्यांत पुढे. सुनेला बघताच त्यांचा हात तोंडावर गेला. बोटीवरचा तांडेल ओरडला, “मागं हो, बाई! सुटायच्या वेळी हे तोंड कशाला आणलंस?”

चौदा पुरुष तिच्याकडे असे बघत होते, जणू तीच पाणबुडी. आणि आपलंच चुकलं असेल तर? ती जॅकेटं उगाच नापास केली असतील तर? तिला पळून जावंसं वाटलं. मग दिराच्या छातीवरचा कोरा पट्टा तिला दिसला.

“भाऊजी, काढा ते! पाण्यात टाका!”

“अगं, एकाला खाल्लंस,” सासूबाई किंचाळल्या, “आता यालाही खायचंय का तुला?”

दिरानं आईकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं. वहिनीला आवाज आहे हेच त्याला आज कळत होतं. त्यानं पट्टे सोडले. कप्तान वरून घड्याळ बघत म्हणाला, “पाच मिनिटं. काय ते करा.”

जॅकेट फुगवून, वजनाला साखळीचा तुकडा बांधून ते दोरानं पाण्यात सोडलं. ते झकास तरंगलं.

“तरंगतंय की!” कुणीतरी हसलं. तांडेलानं सिगारेट पेटवली. तिला मात्र हसू ऐकूच आलं नाही. तिची नजर काखेतल्या शिवणीवर होती. एक बुडबुडा आला. मग दुसरा. मग बुडबुड्यांची माळच लागली. जॅकेट एका बाजूला कललं आणि सिगारेट अर्धी व्हायच्या आत खाली गेलं.

कप्तान म्हणाला, “उतरवा सगळी.”

सतराचे शिक्के एकेकाच्या अंगावर चढले. शेवटचं जॅकेट हातात घेऊन ती दिरापुढे उभी राहिली, पण त्याला घालायला तिचा हात पुढे होईना. तेवढ्यात सासूबाई दोराखालून वाकून आल्या. त्यांनी ते तिच्या हातातून घेतलं आणि पोराला घातलं. त्यांना गाठ जमेना. शेवटी गाठ सुनेनंच मारली.

बोट गेल्यावर बडबडी आली. आयुष्यात पहिल्यांदा ती थोडक्यात बोलली. “खूप दिवे दाखवले. पहाटेची बोट दिसेनाशी झालीय. वायरलेस वापरायला बंदी आहे, शत्रू ऐकतो म्हणून.”

संध्याकाळी स्टोअरकीपर हळूच म्हणाला, “उद्यापासून अठरा नंबर घ्या, बाई. कुणाला कळणार नाही.”

“नको. सतराच राहू दे,” ती म्हणाली. “आणि सतरा कोण विचारलं, तर सांगा. विधवा आहे, हेही सांगा.”

ती घरी आली तेव्हा सासूबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. तिला आत जायला त्यांनी वाट दिली नाही. हाताला धरून शेजारी बसवलं.

“तो आकडा नळावर मीच सांगितला गं,” सासूबाई म्हणाल्या. “मीच.”

“माहीत आहे, आई.”

“पहाटेच्या बोटीवरचे ते सहा… कुणाची पोरं गं ती?”

तिला माहीत नव्हतं.