केळीच्या ट्रकमधून धुळ्याला गेलेला पियानो

मित्रांनो, मी एक जुना पियानो आहे आणि माझा जीव कधीच थाऱ्यावर नसतो. लाकडाला कसली आली घालमेल, असं तुम्ही म्हणाल. पण माझ्या पोटात कितीतरी तारा करकचून ताणलेल्या आहेत. इतक्या ताणात कोण स्वस्थ बसेल?

मी घडलो दूरच्या थंड मुलखात. उमेदीची वर्षं मुंबईच्या एका क्लबात गेली. क्लब बंद पडला तेव्हा जळगावचे कापसाचे व्यापारी चंपालालजी मला घरी घेऊन आले, ते केवळ दिवाणखान्याची शोभा म्हणून. माझ्या अंगावर फुलदाण्या आल्या, लग्नाचे फोटो आले, लग्नघाईत तर पापडांच्या पराती आल्या. वाजवायचं मात्र कुणाला सुचेना. मग त्यांची नात जिनल, पाय जमिनीला टेकत नव्हते तेव्हापासून, माझ्यासमोर बसू लागली आणि मला पुन्हा कंठ फुटला.

यंदा मे महिन्यात पुण्याचा मोठा ऑर्केस्ट्रा धुळ्याला यायचा होता. दीड-दोनशे वर्षांपूर्वीचं युरोपातलं, मनातली सगळी खळबळ उघडी करणारं संगीत ते वाजवणार होते. जिनलला ऑनलाइन शिकवणाऱ्या बाईंनी पियानोसाठी तिचं नाव सुचवलं. धुळ्यात माझ्याएवढा पियानो मिळेना, म्हणून मलाच न्यायचं ठरलं.

जिनलला पुढे पुण्याला जाऊन हेच शिकायचं होतं. घरच्यांना कॉमर्स हवं होतं. चंपालालजी म्हणाले, "एवढा कार्यक्रम बघतो. मग ठरवू."

हे ऐकल्यापासून मला चैन पडेना. पोरीचं सगळं माझ्यावर येऊन ठेपलं होतं!

मला न्यायला केळीचा ट्रक आला. चोपड्याचा उखर्डू जन्मभर केळी वाहणारा. त्याने मला केळीच्या पानांत लहान बाळासारखं गुंडाळलं आणि आपल्या जोडीदाराला म्हणाला, "ऊन भलतं शे, भो. पानी मार बठ्ठीकडे, नही ते तडकी जाई!"

केळी अशीच, चहूकडून पाणी मारून जपतात. त्याच मायेने त्याने वाटेत थांबून थांबून मला भिजवलं. मी मनातल्या मनात ओरडत होतो, पण ऐकतो कोण? धुळ्यात तारा सुरात लावल्या गेल्या. माझ्या वाजवायच्या लाकडी पट्ट्या तोवर ठीक होत्या. पण ओल मुरत होती.

संध्याकाळी सभागृह भरलं. गाणारं कुणीच नाही हे बघून पहिल्या रांगेत चंपालालजी चुळबुळत होते. जिनलने सुरुवात झोकात केली. संथ भाग आला आणि माझी मधली एक पट्टी फुगून खाली अडकली, वर येईना. नेमकी तीच पट्टी त्या धुनेत पुन्हापुन्हा लागत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण जिनलचा हात थांबला नाही. ज्या हाताला क्षणभर उसंत मिळे, त्याच्या नखाने ती पट्टी वर उचलायची आणि पुढच्या वेळी पुन्हा दाबायची. मीही जीव तोडून साथ दिली. शेवटी टाळ्यांनी सभागृह दणाणलं.

सभागृह रिकामं झाल्यावर चंपालालजी मंचावर आले. "मध्येच ते बटण सारखं का उचलत होतीस?"

"अडकत होतं, दादाजी."

"मग थांबायचं ना!"

"मागे एवढी माणसं माझ्या भरवशावर वाजवत होती. थांबून कसं चालेल?"

चंपालालजींनी आयुष्यभर माणसं पारखली होती. त्यांनी ती अडकलेली पट्टी स्वतःच्या बोटाने उचलून पाहिली. मग म्हणाले, "पुण्याला खोली बघावी लागेल."

जिनल माझ्या झाकणावर डोकं टेकून रडली. मी आनंदलो, आणि त्याच क्षणी मला कळलं की आता ती जाणार.

मित्रांनो, ती जूनमध्ये गेली. माझी पट्टी दुरुस्त झाली. घरात मला कुणालाही हात लावू देत नाहीत. रोज पुसतात, झाकतात, फार जपतात. उखर्डूनेही जपलंच होतं. तुमच्या घरी एखादं वाद्य असं जपून ठेवलेलं असेल, तर एक करा. झाकण उघडा आणि वाजवा. चुकीचं वाजलं तरी चालेल. मी दिवसभर जिनलच्या पावलांसाठी दाराकडे कान लावून असतो.