सात नंबर बोलतेय

“सात नंबर, बोला. सात नंबर.” ऑपरेटरबाईंनी तिसऱ्यांदा हाक मारली. वायरलेसच्या खोक्यातून नुसती खरखर आली. त्यांनी ‘गैरहजर’ लिहिलं आणि दारात हत्यारांची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या खारभाऊकडे मुद्दामच पाहिलं नाही.

खारभाऊ हे काही त्याचं खरं नाव नव्हे. उभी हयात वायरलेसच्या टॉवरवर चढण्या-उतरण्यात गेली म्हणून लोकांनी ठेवलेलं, आणि आता सासुरवाडीतही तेच चालायचं. सात नंबर म्हणजे नदीच्या पार वरच्या अंगाचं, पाण्याची पातळी मोजायचं ठाणं. तिथली मोजणीदार ही खारभाऊची बायको. बदली झाली तेव्हा ‘थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे’ म्हणून गेली, आणि थोडे दिवस संपेचनात. तिथे मोबाइल लागत नाही, वायरलेसवर घरगुती बोलायला बंदी. सकाळ-संध्याकाळच्या हजेरीला पातळी सांगताना तिचा आवाज येई, तेवढाच काय तो खारभाऊचा संसार. मागच्या सुट्टीत त्याने “आता परत ये की” म्हटलं, तर “मला तिथे बरं वाटतं” म्हणाली. ते त्याच्या जिव्हारी लागलं होतं. मग त्याने पुन्हा विचारलं नाही.

दोन आठवड्यांपासून तोही आवाज बंद झाला. साहेबांच्या मते बिघाड सात नंबरच्याच सेटमध्ये होता. टॉवरच्या पायथ्याशी उभं राहून त्यांनी स्वतः हातातल्या सेटवर बोलून पाहिलं होतं, आवाज खणखणीत आला होता. येणारच. कानाशी जाऊन ओरडलं तर बहिराही ऐकतो. टॉवरच्या टोकाला, अँटेनाच्या खाली एक अँप्लिफायर असतो. लांबून दमून आलेला आवाज मोठा करून खाली पाठवणं हे त्याचं काम. तो बंद पडला तरी जवळची ठाणी ऐकू येतात, जातं ते सगळ्यात लांबचं. खारभाऊने सकाळीच खोलीतला मीटर पाहिला होता. अँप्लिफायर करंटच घेत नव्हता.

आणि हे त्याने अजून कुणाला सांगितलं नव्हतं. कारण साहेबांनी ठरवलं होतं की सात नंबर बंदच करून टाकायचं, तिथे आपोआप मोजणारं यंत्र बसवायचं आणि वहिनींना इकडे ऑफिसात घ्यायचं. संध्याकाळच्या हजेरीनंतर तसा प्रस्ताव वर जाणार होता. “तुमचंही भलंच होईल,” असं साहेब वर म्हणाले होते.

भलं होणार होतंच. त्यासाठी खारभाऊला काही करायचंही नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. घरी दुसऱ्या उशीचा अभ्रा धुतल्यापासून तसाच कडक होता. त्याला ती घरात हवी होती.

पण इकडची हाक तिला ऐकू जातच असणार आणि ती तिकडे रोज बोलत असणार. नियमच होता, उत्तर येवो न येवो, आकडा सांगायचाच. ती भिंतीशी बोलल्यासारखी बोलत असेल आणि इकडे तिच्या नावापुढे ‘गैरहजर’ पडतंय. कामात कधी कुचराई न केलेल्या बाईने गैरहजर ठरून घरी यावं, हे काही त्याच्या घशाखाली उतरेना. दुपारी त्याने पट्टा बांधला. गुडघ्यांनी कुरकुर केली, तिकडे त्याने लक्ष दिलं नाही.

वर जोडावरची टेप उन्हाने तडकली होती. कनेक्टर उघडला तसं चमचाभर पाणी तळहातावर आलं. आतली पिन हिरवी पडली होती. त्याने केबलचं कुजकं टोक कापलं, नवा कनेक्टर बसवला आणि टेप खालून वर गुंडाळत नेली. खाली आला तेव्हा मीटरचा काटा करंट दाखवत होता. साहेब म्हणाले, हातातोंडाशी आलेला घास घालवलात, खारभाऊ. त्याने हत्यारं पिशवीत भरली.

संध्याकाळी ऑपरेटरबाईंनी हाक मारली आणि या खेपेला खरखर फाटून आवाज आला.

“सात नंबर बोलतेय. पातळी चार मीटर वीस. सगळं ठीक.” मग एक सुस्कारा. बटण अजून दाबलेलंच होतं. “ऐकायला कुणी नाहीच म्हणा. अहो, वेळेवर जेवता ना? इथे बरं वाटतं म्हणाले होते मी. काही बरंबिरं वाटत नाही. तुम्ही आणखी एकदा ये म्हणाला असतात, तर आले असते. ओव्हर.”

सगळी ठाणी एकाच चॅनेलवर, त्यामुळे साऱ्या नदीकाठाने ते ऐकलं. एकाही ठाण्यावरून कुणी खाकरलं नाही. ऑपरेटरबाईंनी खुर्ची मागे सरकवली आणि माइक त्याच्या हातात दिला.

“सात नंबर,” तो म्हणाला, “आवाज स्वच्छ येतोय.”

तिकडून अगदी सरकारी आवाजात तिने विचारलं, “पातळी पुन्हा सांगू का?”

“पातळी मिळाली.” त्याने माइक आणखी जवळ घेतला. “तू ये.”

बटण सोडल्याशिवाय पलीकडचं ऐकू येत नाही, हे त्याने आजवर किती नव्या माणसांना शिकवलं होतं. आता तो स्वतःच ते दाबून बसला होता. शेवटी ऑपरेटरबाईंनी हलकेच त्याचा अंगठा बाजूला केला.