सूचना क्रमांक एकतीस

न्यायाधीश महाशय, तो निकाल तुमचा होता. सह्या तेवढ्या आमच्या घेतल्यात.

सॅन होजेच्या कोर्टात आम्ही आठजण ज्युरी होतो. मी गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो, कॉम्प्युटरमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण चोरी कळते. मेरिबेल ऑसगुड या बाईने नऊ वर्षं स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून शाळेच्या बसचे मार्ग आखणारा प्रोग्राम लिहिला. एका बड्या कंपनीने तो उचलला, तोही इतक्या आंधळेपणाने की बाईने आठवण म्हणून कोडमध्ये लिहिलेलं तिच्या मेलेल्या कुत्र्याचं नाव, बिस्किट, कंपनीच्या प्रोग्राममध्ये जसंच्या तसं निघालं.

मग निकाल कोणत्या नियमांनी ठरवायचा, त्याच्या सूचना तुम्ही सव्वा तास वाचल्यात. सेहेचाळीस सूचना, मान वर न करता. समोर माणसं होती की खुर्च्या, तुम्हाला काय फरक पडत होता? एकतिसावी अशी: प्रोग्राममधलं जे कोणीही लिहील ते आधी वगळा, मग उरेल तेवढंच ताडून पाहा.

ज्युरीच्या खोलीत निकालाच्या कागदावरचा पहिला प्रश्न दोन मिनिटांत सुटला. कंपनीने नक्कल केली का? आठही हात वर. हो.

"आता एकतीस," आमच्या प्रमुख लोर्ना प्रुइट म्हणाल्या. निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी त्या प्रोग्रामचे त्रेसष्ट भाग कागदांवर लिहून भिंतीला चिकटवले आणि लाल पेन उघडलं.

"मुलांची यादी?"

"कोणीही करेल," बेकरीवाला एफ्राइन म्हणाला.

फुली.

"थांब्यांचा क्रम?"

"कोणीही करेल."

फुली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत भिंतीवर एकच कागद फुलीवाचून राहिला. बिस्किट.

एफ्राइन सँडविच हातात धरून त्या भिंतीकडे बघत बसला. "लोर्नाबाई, काहीतरी चुकतंय. मैदा माझा नाही, साखर माझी नाही, अंडी माझी नाहीत. मग माझा केक कोणाचा?"

"म्हणजे मांडणी धरायची?"

"ते तुम्ही सांगा. शाळा तुम्ही चालवलीत."

लोर्नाबाईंनी एकतिसावी सूचना पुन्हा चाळली. मांडणीबद्दल अक्षर नव्हतं. म्हणून तुम्हाला चिठ्ठी पाठवली: सुटे भाग कोणाचेही असले, तरी त्यांची मांडणी बाईची म्हणून धरायची का? दोन तासांनी उत्तर आलं. 'सूचना क्रमांक एकतीस वाचावी.'

"वाचता येतं रे आम्हाला, शहाण्या!" एफ्राइन त्या कागदावरच ओरडला. दाराबाहेरच्या शिपायाने टकटक केली.

चार वेळा मोठ्याने वाचली. शुक्रवार, दुपारचे चार. कोपऱ्यातला थर्मन म्हणाला, "सोमवारी परत यायची हौस कोणाला आहे?"

कोणालाच नव्हती. दुसरा प्रश्न होता: उरलेला भाग दोन्हीकडे जवळजवळ सारखा आहे का?

"उरलाय एक कुत्रा," थर्मन म्हणाला. "त्याला काय प्रोग्राम म्हणायचं?"

"पहिल्याला 'हो' लिहिलंय ना," लोर्नाबाई म्हणाल्या. "मग बाई जिंकलीच. इथे नियमाप्रमाणे 'नाही' लिहू."

आम्हाला ते पटलं. इतके आम्ही गाढव. आणि गाढवांच्या हाती बाईची नऊ वर्षं देऊन तुम्ही आत कॉफी पीत बसलात.

कोर्टात कारकुनाने पहिलं उत्तर वाचलं. 'हो'. मेरिबेलने शेजारच्या बहिणीचा हात दाबला. दुसरं वाचलं. 'नाही'. तिच्या वकिलाने पेनाला टोपण लावलं. तेव्हा मला कळलं, दोन्ही उत्तरं 'हो' असती तरच बाई जिंकली असती. ती मात्र अजून हसतच होती.

मग तुम्ही एकेकाला विचारलंत, "हा तुमचाच निकाल?" माझा नंबर पाचवा. 'थांबा, आमचं चुकलंय,' एवढंच म्हणायचं होतं. आधीचे चौघं 'हो' म्हणाले होते. मीही म्हणालो. त्याची लाज माझी, ती तुमच्या गळ्यात घालत नाही.

बाहेर कॉरिडॉरमध्ये ती माझ्यासमोर आली. "चोरी झाली असं तुम्हीच म्हणालात ना?"

"हो."

"मग?"



तेव्हापासून तुम्हाला तीन पत्रं टाकली, हे चौथं. मांडणी धरायची होती की नव्हती? सूचनेचा क्रमांक नको. हो की नाही, ते लिहा. मला तिच्या दारात जाऊन सांगायचं आहे.