बोट राजकन्येचं, शब्द कुणाचे?

"बोलली! मुकी पोर बोलली!"

मुरुडच्या देवळापुढच्या मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. एका बाजूला बाया, समोर गडीमाणसं, मधे चौरंगावर राजकन्या नावाची नऊ वर्षांची पोर. तिच्याकडं तोंड करून मलप्पा महाराज, दोघांच्या मधे मुळाक्षरांची पाटी. महाराजांनी मनगट धरलं, की पोरीचं बोट अक्षरांवरून सरसर फिरायचं.

"'मी देवी आहे. मला मठात ठेवा.' ऐका मंडळी! वरून थेट निरोप! आमचा हात म्हणजे नुसता मोबाइलचा टॉवर!"

राजकन्येला बोलता येत नाही. वर्षभर मी तिला चित्रांच्या टॅबवर शिकवत होतो. चित्रावर बोट ठेवलं, की टॅब तो शब्द बोलतो. चाळीसेक शब्द ती स्वतः निवडायची. यंत्रानं देवी कोपते, असं महाराज म्हणाले आणि तिच्या आईनं, उमादेवीनं, टॅब कपाटात कोंडला. सोमवारी पोर महाराजांच्या मठात जायची होती. कायमची.

मी उठलो. "महाराज, देवीला एक चित्र ओळखू द्या की."

"दाखवा गुरुजी! देवीला काय अवघड हाय?"

दोघांच्या मधे मी चित्राचा पुठ्ठा उभा धरला. बोट चाललं. ना... र... ळ.

"नारळ!" महाराज गरजले. त्यांच्या पाठीमागच्या गड्यांनी जयजयकार केला.

पोरीच्या पाठीमागच्या बायांतून कस्तुराबाई ओरडली, "अवो, नारळ कुठं हाय? बांगड्या हायत की ढळढळीत!"

"डोळे फुटले का गं? नारळच हाय!"

मी पुठ्ठा फिरवला. पोरीच्या बाजूला बांगड्या, महाराजांच्या बाजूला नारळ. तिनं नारळ पाहिलाच नव्हता. अक्षरंही तिला अजून वाचता येत नव्हती. मनगट हलवणाऱ्याला येत होती.

"देवीची परीक्षा घेतो? भस्म होशील!"

"होऊ द्या. आधी नारळ कुणी पाहिला ते सांगा."

महाराजांनी पोरीचं मनगट सोडलं. उमादेवी धावत घरी गेली आणि टॅब घेऊन आली. मी पोरीला पुन्हा तेच चित्र दाखवलं; कुणी तिचा हात धरला नाही. तिला वेळ लागतो, मी थांबलो. बोट आधी 'चप्पल'वर पडलं, कुणीतरी फिदीफिदी हसलं. मग तिनं 'बांगड्या' दाबलं.

उमादेवी तिच्यापुढं वाकली. "राजू, मठात जायचंय व्हय गं?"

"नाही," टॅब म्हणाला. पुन्हा, "नाही." मग, "आई."

उमादेवीनं तिला चौरंगावरून उचललं. "माझी पोर कुठंबी जाणार न्हाई, महाराज. मनगट धरायची लई हौस आसंल, तर सोताचं धरा!"

टॅब हा काही चमत्कार नव्हे. त्याला चार्जिंग लागतं, मूल चुकतं, शिकवण्यात वर्षं जातात. पण त्यातला शब्द मुलाचा स्वतःचा असतो. न बोलणाऱ्या मुलालाही सांगायचं असतं. कुणी त्याचं मनगट धरून बोलू लागला, तर पाया पडण्याआधी ठणकावून म्हणा: आधी हात सोडा!