लिथेम्बाचं पाणी

लहान लेकरांचे शब्द मोजणं हे माझं काम. हसू नका, पगार मिळतो त्याचा. दक्षिण आफ्रिकेतल्या मटाटिएलेच्या दवाखान्यातून निघायचं, आईसमोर जाऊन बसायचं आणि एकेक शब्द विचारायचा. लेकरू हे म्हणतं का? कसं म्हणतं, ते बोलून दाखव. आमच्याकडे घराघरांत खोसा आणि सोथो दोन्ही भाषा चालतात, म्हणून याद्याही दोन.

त्या दिवशी लिथेम्बाची पाळी होती. अजून दोन वर्षांचीही नव्हती. आई रेलेबोहिले सोथोंची लेक, खोसांच्या घरात दिलेली. सासू मामतोलो शेजारीच पाय पसरून बसलेली.

"लिहून घे झोलेका, पोरगी मुकी निघणार," मामतोलो म्हणाली. "दोन भाषांच्या ओढाताणीत जीभच उचलत नाही तिची. तुझा आकडा कमी आला ना, की या घरात सोथो बंद. लेकीशी खोसात बोलायचं, नाहीतर गप्प बसायचं."

रेलेबोहिलेनं मान वर केली नाही. स्वतःच्या लेकीशी स्वतःच्या भाषेत बोलायचं नाही म्हणे! माझं डोकं तापलं, पण कामाला आले होते. खोसाची यादी काढली.

"पाणी म्हणते?"

"नाही."

"कुत्रा?"

"नाही."

"आग? ढग?"

"नाही ताई."

सोथोची यादी काढली, तर तिनं आधी सासूकडे पाहिलं आणि पुन्हा तोच पाढा. इतका कमी आकडा मी कधी लिहिला नव्हता. रेलेबोहिले उठली आणि चहा ठेवायला पलीकडच्या झोपडीत गेली.

तेवढ्यात गोठ्याकडून कुणीतरी तिच्या सासऱ्यांना हाक मारली, "ओ मान्झेझुलू!"

मी कपाळावर हात मारला. अगं बाई! म्हाताऱ्याच्या नावातच पाणी, खोसातलं 'अमान्झी'. दिरांच्या, आजेसासऱ्यांच्या नावांत आग काय, कुत्रा काय, ढग काय! खोसांच्या घरात सुनेनं सासऱ्या-दिरांच्या नावातला शब्दही उच्चारायचा नसतो, मग ही ते शब्द तोंडातून काढेल होय? मी 'बोलून दाखव' म्हणत होते आणि ती बिचारी नाही म्हणून सुटका करून घेत होती. आणि सोथो तर सासूसमोर बोलायची चोरी.

"मामतोलो, यादी राहू दे," मी म्हटलं. "आधी तहान लागलीय मला."

"जा गं लिथे, आईला सांग, पाहुणीला पाणी हवंय."

"पाणी," लिथेम्बा आजीच्याच खोसात म्हणाली आणि दुडुदुडु निघाली. मी आणि मामतोलो दारात उभ्या. पलीकडच्या उंबऱ्यावर पोर थांबली, आईकडे पाहिलं आणि स्वच्छ सोथोत म्हणाली, "आई, पाणी." पेला घेऊन परत आली आणि आजीला म्हणाली, पुन्हा खोसात, "आजी, पाणी."

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. कुणी शिकवलं हिला? माझ्या गुडघ्याएवढी पोर, आणि कुणापुढे कुठला शब्द काढायचा हे तिला पक्कं ठाऊक. एवढे शब्द मोजले मी, पण असं कधी पाहिलं नव्हतं.

मामतोलोनं नातीच्या हातून पेला घेतला. "माझ्या सासऱ्यांच्या नावात आग होती," ती म्हणाली. "ते गेले, तरी माझ्या तोंडी तो शब्द आला नाही. पण माझी पोरं शिकलीच की." मग तिनं हाक मारली, "सूनबाई, ये, बस इथं. तुला जे खोसात बोलता येत नाही ते झोलेका मला विचारेल. तू तुझ्या भाषेतलं सांग. मोठ्यानं."

रेलेबोहिले बसली. सोथोतले शब्द एकामागून एक येऊ लागले. पाणी, चंद्र, दूध, बकरी. आणि लिथेम्बा? आईनं शब्द सांगितला, की ही आजीकडे वळून तोच शब्द खोसात सांगायची. म्हातारीला कळावं म्हणून!

मामतोलोचे डोळे भरून आले. तिनं नातीला उचलून छातीशी धरलं.

"कळतं गं मला सोथो, माझे आई," ती म्हणाली. "सगळं कळतं."