विल्फ्रेडचे वारसदार

माझं नाव विल्फ्रेड बॅगनॉल. सगळे मला विल्फ म्हणायचे. म्हणायचे, कारण आता तसं म्हणणारं कुणी उरलेलं नाही. बायको गेली, खाटकाच्या दुकानातले सोबतीही एकेक करून गेले. मुलगा बाबा म्हणतो, नाती आजोबा म्हणतात, आणि दवाखान्यातली पोरगी मी ठार बहिरा असल्यासारखी ‘मिस्टर बॅगनॉल’ म्हणून ओरडते. मला एवढंच हवं होतं की मरायच्या आधी या घरात कुणीतरी विल्फ म्हणून हाक मारावी. मला नाही तर नाही, दुसऱ्या कुणाला का होईना.

इंग्लंडच्या उत्तरेकडच्या आमच्या रिपन गावात या नावाचा एक संत होऊन गेला, फार जुना, सॅक्सन काळातला बिशप. दर उन्हाळ्यात कुणालातरी त्याचा वेष देऊन पांढऱ्या घोड्यावर बसवतात आणि गावभर मिरवतात. नावाचा अर्थ ‘शांततेची इच्छा’. हा गृहस्थ मात्र जन्मभर राजांशी आणि इतर बिशपांशी भांडत राहिला. पुढे फ्रान्सकडून नॉर्मन आले, त्यांनी देश जिंकला, आणि नव्या धन्यांची मर्जी राखायला जो तो पोराचं नाव त्यांच्या राजासारखं विल्यम ठेवू लागला. विल्फ्रेड शेकडो वर्षं धूळ खात पडला. मग व्हिक्टोरिया राणीच्या काळात लोकांना आपल्या पूर्वजांचा पुळका आला आणि गल्लोगल्ली विल्फ्रेड झाले. माझा जन्म होईपर्यंत तोही ओसरला होता. माझ्या वडिलांना ते कुणी सांगितलं नसावं.

शाळेत मी एकटाच विल्फ्रेड. पुढे टीव्हीवर शेजारचा बावळट म्हातारा दाखवायचा असला की त्याचं नाव हमखास विल्फ. माझ्या मुलाच्या वेळी मी हे नाव सुचवलं, तर सासूबाई म्हणाल्या, “जावईबापू, त्या लेकरानं तुमचं काय वाकडं केलंय?” त्याचं नाव गॅरी ठेवलं. त्या वर्षी निम्म्या गावानं तेच ठेवलं होतं.

आणि आता लंडनच्या शिष्ट मंडळींना एकदम साक्षात्कार झाला की आजोबांची नावं फार गोड असतात. आजोबा नव्हेत, त्यांची नावं. आधी आमच्या गल्लीत एक चपट्या नाकाचा कुत्रा विल्फ्रेड झाला. मग पोरं होऊ लागली.

गॅरीच्या दोन्ही मुली, गेमा आणि कर्स्टी, एकाच वेळी गरोदर होत्या. दोघींनाही मुलगेच होणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. रविवारी सगळे माझ्याकडे जेवायला आले. बीफ ओव्हनमधून काढून मी कापायला घेतलं, तेवढ्यात गेमा म्हणाली, “आमचं नाव ठरलं. विल्फ्रेड.”

कर्स्टीनं काटा खाली ठेवला. “ते माझं नाव आहे.”

“तुझं कसं गं? तुझ्या लग्नात मी तुला सांगितलं होतं.”

“तेव्हा तू तर्र होतीस. नवऱ्याचंही नाव तुला आठवत नव्हतं.”

“चोरटी कुठली.”

“आजोबा, हिला सांगा, तुम्ही मला कबूल केलं होतं की नाही?”

मी कुणाला काही कबूल केलं नव्हतं. कधी कुणी विचारलंच नव्हतं. पण खोटं का बोलू, आतून मला गुदगुल्या होत होत्या. जन्मभर ज्या नावाचं हसं झालं, त्यावर दोन शिकल्यासवरल्या बाया हमरीतुमरीवर आल्या होत्या.

“दोघीही ठेवा,” मी म्हणालो. “मी अजून जिवंत आहे. तिघे होऊ.”

दोघींनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

“मावसभावांचं एकच नाव? लोक हसतील, आजोबा.”

गेमानं फोनवर नावाचा अर्थ शोधून मोठ्यानं वाचला. “शांततेची इच्छा. किती सुंदर.” कर्स्टी तोवर ताट तसंच टाकून, कोट चढवून बाहेर पडली होती. गॅरीनं तिच्या ताटातलं यॉर्कशायर पुडिंग, बीफबरोबर खायचा तो फुगलेला खारा पाव, आपल्या ताटात घेतलं आणि त्यावर ग्रेव्ही ओतली. माझ्या मुलाचा बाणा हा असा आहे.

गेमा आधी बाळंत झाली आणि नाव तिनं पटकावलं. कर्स्टी बारशाला आली नाही. तिनं आपल्या मुलाचं नाव एडगर ठेवलं, तेही असंच माळ्यावरून काढून झटकलेलं. बहिणींचा अबोला सुरू झाला तो आजही आहे. मला मात्र, लाज वाटते सांगायला, त्याचं फार वाईट वाटलं नाही. घरात एक विल्फ आला होता.

पण गेमा राहते लीड्सला. वर्षातून एकदा नाताळला यायची, तेव्हा पोर झोपलेलं असायचं आणि सगळे त्याला नुसतं ‘बाळ’ म्हणायचे. मी म्हटलं, थांबू. हाकेला ओ देण्याइतका होऊ दे.

या ईस्टरला ती आली, तेव्हा पोर तीन वर्षांचं झालं होतं. आल्या आल्या ते माझ्या बागेत धावलं आणि गेमा दारातून ओरडली, “ऑटो, चिखलात जाऊ नकोस.”

“ऑटो कोण?” मी विचारलं.

“अहो आजोबा, त्याच्या पाळणाघरात चार विल्फ्रेड निघाले. चार. इतकं कॉमन झालंय ते. मग आम्ही बारशाला ठेवलेलं त्याचं दुसरं नाव वापरायला लागलो.” पाळणाघरातल्या बाकीच्या तिघांनी तिची फसवणूक केली असावी असा तिचा सूर होता.

यासाठी दोन सख्ख्या बहिणींनी एकमेकींचं तोंड बघायचं सोडलं. माझ्या तोंडात जे आलं होतं ते लहान मुलासमोर बोलण्यासारखं नव्हतं.

मी बागेत गेलो. ती आत चहा करत होती. पोर गुडघ्यापर्यंत चिखलात बसलं होतं. मी हळूच हाक मारली, “विल्फ.”

त्यानं वर पाहिलं. माझ्याकडे बोट दाखवलं आणि अगदी ठामपणे म्हणालं, “मी ऑटो. तू विल्फ.” मग ते आवडलं म्हणून पुन्हा म्हणालं, मोठ्यानं, “विल्फ, इकडे ये. विल्फ, बघ, गांडूळ.”

मी गेलो. माझे गुडघे वाकत नाहीत, तरी वाकलो.

गेमा कप घेऊन दारात आली होती. “ऑटो,” ती म्हणाली, “पणजोबांना असं नावानं हाक मारायची नाही. पणजोबा म्हणायचं. म्हण बघू.”

पोर गुणी आहे. त्यानं लगेच ऐकलं.