जमिनीवर भरवसा

सिझर होऊन दोन दिवस झाले, तरी महामायाच्या टाक्यांची कळ काही हटत नव्हती. नवरा आनंदराज लातुरात कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा. दुपारची बॅच सुटल्यावर तो दवाखान्यात आला आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं अंग सैल सोडणं बायकोला शिकवू लागला, तेही क्लासातल्याच खड्या आवाजात.

"पाय ढिले सोडा. खांदे ढिले. आता समजा, खाली जमीन घट्ट हाय. सगळं वजन तिच्यावर टाका. काही शंका?"

"हाव," महामाया म्हणाली. "कोणती जमीन?"

भूकंपाला तीन वर्षं झाली होती, पण या शंकेचं उत्तर लातुरातल्या एकाही क्लासात मिळत नव्हतं. आनंदराज चहा आणायला गेला.

त्याची आई सरजाबाई भूकंपापासून स्लॅबखाली झोपत नव्हती. दवाखान्यातही तिनं आवारातल्या झाडाखाली सतरंजी टाकली होती. आता ती वर आली, छताकडे एकदा रागानं बघितलं आणि सुनेचा हात धरून बसली.

"माझ्यासंग बुद्धवंदना म्हण माय. कळ उतरते."

दोघी म्हणू लागल्या. महामायाचा श्वास आपसूक लांबत गेला, खांदे गादीला टेकले. जरा वेळानं तिच्या ध्यानात आलं, की आपण एकट्याच म्हणतोय. सासू तिचा हात धरूनच, भिंतीला डोकं टेकवून, स्लॅबखाली घोरत होती.

दारात आनंदराजच्या चपला वाजल्या. महामायानं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू या," ती कुजबुजली. "जमीन हलवू नका."